चौकटीतला इशारा

फवारणीच्या एका पत्रकातली चौकट माझ्या हातून हरवली आणि तिथून हा विषय डोक्यात बसला. काम साधेच होते. कपाशीवर औषध मारताना घ्यायच्या काळजीचे चार पानी टिपण एका संस्थेला वेबपानावर हवे होते. मजकूर मी नेहमीच्या सवयीने साध्या खुणांत लिहिला. शीर्षकाआधी हॅश, ठळक शब्दांभोवती तारका, आणि इशाऱ्याच्या वर-खाली तीन-तीन कोलन. माझ्या संगणकावर त्या कोलनांची लाल पट्टीची छान चौकट होत होती. संस्थेकडे मात्र रूपांतराचे वेगळेच साधन होते आणि त्याला तीन कोलनांची भाषा येत नव्हती. त्याने तक्रार केली नाही, काम अडवले नाही. कोलन जसेच्या तसे छापले आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका हे वाक्य पाण्याच्या प्रमाणाच्या परिच्छेदाला मुकाट्याने चिकटवून टाकले. पंधरा दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

यवतमाळात अशी चूक हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. बोंडअळीचा जोर होता, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती, उकाडा होता, तोंडाला फार तर गमछा होता. कारणे अनेक होती आणि त्यांवर बरेच लिहून झाले आहे. माझ्या धंद्याचा माणूस त्यातल्या एकाच गोष्टीपाशी अडतो. प्रत्येक डब्यावर चौकट होती. कायद्याने सांगितलेली, आकार ठरवून दिलेली, रंग नेमून दिलेले.

ही चौकट आडवी नसते, कोपऱ्यावर उभी असते. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे लेबलच्या दर्शनी भागाचा किमान एक सोळांश भाग व्यापणारा चौरस पंचेचाळीस अंशांत तिरका करून छापायचा. त्याच्या वरच्या त्रिकोणात शब्द, खालच्या त्रिकोणात रंग. सर्वांत जहाल वर्गाला लाल रंग, आणि वर कवटी व 'विष' हा शब्द. त्याखालच्या वर्गाला पिवळा रंग आणि 'विष', पण कवटी नाही. मग निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान'. कागदावर ही रचना नेटकी आहे. शेतात ती दोन ठिकाणी गळते. पहिले म्हणजे बोलीत या द्रवाचे नाव 'औषध' आहे. कृषी केंद्रात जाऊन कोणी विष मागत नाही. दुसरे, हिरवा रंग. सिग्नलपासून शाकाहारी पदार्थांवरच्या ठिपक्यापर्यंत हिरव्याने आपल्याला एकच गोष्ट शिकवली आहे: चालेल. डब्यावरचा हिरवा त्रिकोण मात्र 'विषच, पण कमी जहाल' असे म्हणतो.

तुलनेसाठी तंबाखूची पुडी घ्या. १ एप्रिल २०१६ पासून भारतात तिच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रासह वैधानिक इशाऱ्याला द्यावा लागतो. कीटकनाशकाचा एक सोळांश म्हणजे सव्वासहा टक्के. त्यातही निम्मा चौरस रंगाचा.

तेव्हा, साध्या खुणांत लिहिलेल्या मजकुराचे वेबपान करताना त्यात चौकट कशी आणावी, हा प्रश्न वरवर संगणकवाल्यांचा दिसतो. गेली वीस-बावीस वर्षे त्यावर जगभर बरीच डोकेफोड झाली आहे आणि अजूनही एकमत नाही. तिचा आढावा मराठीतून घ्यायचा तर आपल्याकडे चौकट कुठून आली, हे आधी पाहावे लागते.

पोथीपासून पानापर्यंत

मुख्य मजकुरापेक्षा वेगळ्या आवाजात बोलणारा मजकूर पानावर कुठे ठेवायचा, हे आपल्या लेखनिकांनी फार आधी सोडवले होते. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ ग्रंथ पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत, आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत. पंचपाठात टीका डाव्या-उजव्या समासांतही उतरते, म्हणजे मूळ चारही बाजूंनी वेढले जाते. आजच्या चौकटीच्या नेमके उलटे. आपण जादा मजकूर डब्यात घालतो, ते मूळ मजकूर डब्यात ठेवत. 'इति' किंवा श्लोकाचा अंक डोळ्यांना सापडावा म्हणून गेरू फासत, चुकलेल्या अक्षरावर हरताळ. 'हरताळ फासणे' त्यातूनच आपल्या बोलण्यात आले. रंगाला काम नेमून दिलेले होते, शोभा नंतर.

छापखान्यात ही जागा 'चौकट' या शब्दाने घेतली. मराठी वृत्तपत्राच्या कार्यालयात आजही बातमीदाराला सांगतात, 'मुख्य बातमी साडेतीनशे शब्द, आणि एक चौकट दे.' चौकटीत काय जाते, हे सांगावे लागत नाही: आकडे, कालक्रम, एखाद्याची प्रतिक्रिया, बातमीच्या ओघात अडथळा होईल पण सोडवत नाही असे काही. यवतमाळला या परंपरेचा वेगळा अभिमान आहे. 'लोकमत' हे नाव आधी इथल्या नियतकालिकावर छापले गेले, लोकनायक बापूजी अणे यांच्या काळात. जवाहरलाल दर्डा यांनी ते पुन्हा सुरू केले आणि १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक झाले. खिळ्यांच्या काळात चौकट करायची म्हणजे पितळी पट्ट्या कापून चारही कोपरे जुळवायचे. कोपऱ्यात फट राहिली की ती छपाईत दिसे. चौकटीला कष्ट पडत असत, म्हणून ती जपून वापरली जाई. संगणकावर पाने लावणारा पेजमेकर आला आणि माउसच्या एका ओढीत चौकट होऊ लागली. तिची किंमत तेव्हापासून घसरत गेली, असे माझे मत आहे.

चौकटीचा मराठीतला सर्वांत विचारपूर्वक झालेला वापर मला वृत्तपत्रांत नाही, बालभारतीच्या पुस्तकांत दिसतो. परिसर अभ्यासाचे कुठलेही पुस्तक उघडा. 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा', 'माहीत आहे का तुम्हांला?', 'काय करावे बरे?', 'हे नेहमी लक्षात ठेवा'. ही चौकटींची नावे आहेत आणि यातले एकही भाषांतरित वाटत नाही. त्यांत आणखी एक गोष्ट आहे जी संगणकाच्या जगाला अजून नीट जमलेली नाही. नाव मजकुराचा प्रकार सांगत नाही, वाचणाऱ्याने काय करायचे ते सांगते. 'टीप' वाचून मूल काय करील? 'करून पहा' वाचून ते उठते.

खुणांच्या भाषा

आता संगणकाकडे. वेबपान एचटीएमएलमध्ये असते, पण हाताने एचटीएमएल लिहिणे जिकिरीचे. म्हणून साध्या मजकुरात थोड्या खुणा टाकायच्या आणि रूपांतराचे काम यंत्राने करायचे, ही कल्पना. तिचे सर्वांत लोकप्रिय रूप म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने २००४ मध्ये ते आणले. जुन्या ईमेलमध्ये लोक जशा खुणा करत, तशाच त्यांनी नियमबद्ध केल्या. ईमेलमध्ये चौकट नव्हती, म्हणून मार्कडाउनमध्येही नाही. अवतरणाची खूण मात्र होती: ओळीच्या आरंभी > हे चिन्ह.

मग जे व्हायचे तेच झाले. चौकट हवी असणाऱ्यांनी अवतरण पळवले. > टाकायचे, पुढे ठळक अक्षरांत 'टीप' लिहायचे आणि पानाचे रंग-रूप ठरवणाऱ्या शैलीपत्रकात अवतरणाला डावीकडे जाड रेघ नि मागे फिकट रंग द्यायचा. दिसायला चौकट, आतून मात्र यंत्राला कळते ते 'हे दुसऱ्या कोणाचे तरी शब्द आहेत' एवढेच. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अंध वाचकाला तसेच सांगते: अवतरण सुरू, अवतरण संपले. कवटीच्या इशाऱ्याची ओळख अवतरण म्हणून करून दिली जाते. आणि पानावर खरोखरीचे अवतरण आले की तेही इशाऱ्याचे कपडे घालून उभे राहते.

गंमत अशी की मार्कडाउनच्या आधीच्या भाषांत चौकट होती. यंत्रसामग्रीच्या आणि सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांसाठी नव्वदच्या दशकात रुजलेल्या डॉकबुकमध्ये पाच प्रकार होते. त्यांची मराठी करायची तर टीप, युक्ती, महत्त्वाचे, खबरदारी आणि इशारा. स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये आस्कीडॉक आणले तेव्हा हेच पाच हलक्या खुणांत उतरवले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे डेव्हिड गुडजर यांच्या कामात, नऊ प्रकार आहेत; 'धोका' आणि 'चूक' यांनाही त्यात स्वतंत्र जागा. थोडक्यात, जिथे माणसाला विजेचा झटका बसू शकतो किंवा साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते अशा पुस्तिका लिहिणाऱ्यांनी चौकट पहिल्या दिवसापासून ठेवली. ईमेलवाल्यांनी ती वगळली, आणि जग मात्र ईमेलवाल्यांच्या मागे गेले.

त्यानंतरची पंधरा वर्षे ही वगळलेली चौकट परत आणण्यात गेली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या दाराने आणली. पायथन-मार्कडाउनच्या जोडणीत तीन उद्गारचिन्हे आणि खाली चार जागा सोडून लिहिलेला मजकूर. पॅनडॉकने २०१७ च्या आवृत्तीत तीन कोलनांचे कुंपण आणले. हे साधन बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन २००६ पासून सांभाळत आहेत. डोक्युसॉरस आणि क्वार्टो या साधनांनीही कोलनच घेतले, पण आतली मांडणी आपापली. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत अवतरणाच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंस, त्यात उद्गारचिन्ह आणि प्रकाराचे नाव. टिपणे ठेवणाऱ्या ऑब्सिडियनने तसलीच खूण घेतली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संगणकवाल्यांच्या गिटहब या संकेतस्थळाने ती अधिकृत केली. या शेवटच्या खुणेत शहाणपण आहे. ज्या यंत्राला ती कळत नाही त्याच्याकडेही निदान अवतरण तरी दिसते. माझ्या कोलनांसारखी भुते पानावर उरत नाहीत. पण किंमतही आहे. गिटहबवर चौकटीचे नाव बदलता येत नाही. पान अख्खे मराठीत असले तरी माथ्यावर इंग्रजी शब्द बसतो तो बसतोच.

मराठीत खुणांतून चौकट काढण्याचा सर्वांत जुना मोठा प्रयोग यांपैकी कशातच नाही. तो मराठी विकिपीडियावर आहे. तिथे दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहिले की पानावर तयार चौकट उमटते. लेख अपुरा असेल तर 'विस्तार' चा साचा, संदर्भ नसतील तर त्याचा. 'टेम्प्लेट'ला 'साचा' हा शब्द देणाऱ्याचे मला कौतुक वाटते. गणपतीच्या कारखान्यातला शब्द उचलून त्याने नेमके काम सांगितले. साच्याचा फायदा असा की चौकटीचे रूप एका जागी बदलले की हजारो पानांवर बदलते. दुबळी बाजू मोबाइलवर दिसली. संगणकावर ठसठशीत दिसणाऱ्या या सूचना फोनच्या पानावर दीर्घकाळ एका छोट्या ओळीमागे दडत, आणि वाचक तर फोनवरच होते.

इशारा मोठा की खबरदारी?

इथे एक गोंधळ आहे, ज्याकडे फारसे कोणी बघत नाही. अमेरिकेतल्या सुरक्षा-चिन्हांच्या मानकांत उतरंड अशी: 'डेंजर' सर्वांत वर आणि लाल, त्याखाली 'वॉर्निंग' नारिंगी, त्याखाली 'कॉशन' पिवळे. गिटहबवर मात्र 'वॉर्निंग' पिवळी आणि 'कॉशन' लाल. म्हणजे एका ठिकाणी धाकटे ते दुसऱ्या ठिकाणी थोरले. आपल्या कीटकनाशक नियमांत तिसरीच तऱ्हा: 'विष' सर्वांत वर, 'डेंजर' निळ्यावर तिसरे, 'कॉशन' हिरव्यावर चौथे.

आता हे शब्द मराठीत आणा. भाषांतर करणारा 'वॉर्निंग'ला सर्रास 'चेतावणी' लिहितो. ते हिंदीतून आलेले. मराठी कानाला त्यात धोक्यापेक्षा धमकी ऐकू येते. आपला शब्द 'इशारा', आणि तो रोजच्या वापरातला आहे: वैधानिक इशारा, वादळाचा इशारा, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. 'कॉशन'ला 'सावधान' लिहिले तर लग्नातले मंगलाष्टक आणि शाळेतली कवायत, दोन्ही आठवतात. 'खबरदारी' बरा, पण तो आपण काय घ्यायचे ते सांगतो, समोर काय आहे ते सांगत नाही. 'धोका' सर्वांत स्पष्ट. वीज मंडळाच्या डीपीवर कवटीखाली तोच असतो आणि अक्षर न येणारा माणूसही तिथे हात घालत नाही. मी माझ्या पानांवर दोनच पायऱ्या ठेवल्या आहेत, 'धोका' आणि 'हे लक्षात ठेवा'. पाच प्रकारांतला फरक लिहिणाऱ्याला माहीत असतो. वाचणाऱ्याला नसतो, आणि त्याने तो शिकावा ही अपेक्षा उर्मट आहे.

या जिल्ह्यात प्रश्न मराठीपाशीही संपत नाही. केळापूर, घाटंजी, झरी-जामणीकडे कोलामी आणि गोंडी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी, वणीच्या पलीकडे तेलुगू कानावर पडते. चौकटीचे नाव एका जागी नोंदवलेले असेल आणि पानाच्या भाषेप्रमाणे बदलत असेल, तरच ही पाने पुढे कोणी आपल्या भाषेत नेऊ शकेल. आस्कीडॉकमध्ये हे मजकुराच्या माथ्यावर एका ओळीत होते. पायथन-मार्कडाउनमध्ये प्रत्येक चौकटीशेजारी अवतरणचिन्हांत नाव द्यावे लागते.

आणि तिथे एक मजेदार खड्डा आहे. मी तीन उद्गारचिन्हांपुढे रोमन अक्षरांतला प्रकार न लिहिता थेट 'इशारा' लिहून पाहिले. चौकट झाली नाही. 'मदत' लिहिले तर झाली. अर्धा दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. कारण असे की ती जोडणी प्रकाराचे नाव 'शब्दातल्या अक्षरांचे' असावे अशी अट घालते, आणि पायथनच्या व्याख्येत आपला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरेच नाहीत. 'मदत' मध्ये एकही काना-मात्रा नाही, म्हणून तो पास; 'इशारा' मध्ये दोन काने, म्हणून नापास. बाराखडी शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंनी असली व्याख्या पाटीवरून पुसली असती. तात्पर्य तांत्रिक आहे: प्रकार रोमनमध्ये, दाखवायचे नाव मराठीत. आणि अवतरणचिन्हे सरळ हवीत. वर्डमधून चिकटवलेली वळणदार चिन्हे आली की चौकट पुन्हा गायब.

चौकट नेमकी कुठे घडवायची

खुणांच्या मजकुराचे वेबपान होताना तीन टप्पे असतात. यंत्र आधी मजकूर वाचून त्याचे झाड उभे करते, कुठला परिच्छेद कोणाच्या पोटात, हे ठरवते. मग त्या झाडाचे एचटीएमएल लिहिते. शेवटी वाचकाच्या पडद्यावर शैलीपत्रक त्याला रंग-रूप देते. चौकट यांतल्या कुठल्याही टप्प्यावर घुसवता येते आणि लोकांनी सगळीकडे घुसवून पाहिली आहे.

मजकुरातच थेट एचटीएमएलचा डबा लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण मूळ मार्कडाउन त्या डब्याच्या आतल्या खुणा वाचतच नाही. नंतरच्या कॉमनमार्क नियमावलीत मध्ये कोरी ओळ सोडली तर वाचते, आणि ती ओळ पुढच्या दुरुस्तीत कोणीतरी हमखास पुसते. दुसरा मार्ग म्हणजे रूपांतराआधी मजकुरात शोधा-आणि-बदला चालवणे. तो चालतो, जोवर चौकटीत यादी किंवा यादीत चौकट येत नाही तोवर. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने परिच्छेदांचे डबे करणे हा प्रकार मी दोन वर्षे वापरला आणि सोडला. पांढरकवड्यापलीकडच्या रस्त्यावर नेटवर्क अर्धवट असते. मजकूर येतो, स्क्रिप्ट येत नाही, आणि इशारा पुन्हा साधा परिच्छेद होऊन बसतो.

माझा कौल मधल्या टप्प्याला आहे. झाड उभे राहिले की त्यावर एक छोटी गाळणी चालवायची, पॅनडॉकमध्ये ती लुआ भाषेत लिहितात. ती 'धोका' या नावाची फांदी शोधते आणि पुढचे स्वरूप ठरवते. वेबपानासाठी एचटीएमएलचा डबा, छापील पुस्तिकेसाठी लाटेकची रंगीत चौकट, आणि साध्या संदेशासाठी नुसत्या दोन रेघा. मजकूर एकच राहतो. चौकट कशी दिसेल हे मजकुराला माहीत नसते. ती चौकट आहे, एवढेच माहीत असते. गाळणीला माझ्या अनुभवातून एक अटही जोडली आहे: ओळखीचे नसलेले नाव दिसले तर तिने गप्प बसायचे नाही, काम थांबवायचे.

एचटीएमएलमध्ये या डब्याला काय म्हणावे यावरही वाद आहे. 'असाइड' ही खूण दिसायला जवळची, पण तिचा अर्थ 'बाजूचा मजकूर, वगळला तरी चालेल' असा होतो. हातमोजे घाला हे बाजूचे नाही. शिवाय पानावर दहा 'असाइड' असले की पडदावाचक वापरणाऱ्याच्या यादीत दहा निरुपयोगी खुंट्या उभ्या राहतात. साधा डबा, त्याला 'नोट' ही भूमिका आणि आत खरेखुरे शीर्षक, एवढे पुरते. 'अलर्ट' ही भूमिका मात्र टाळावी. ती पान उघडल्यानंतर अचानक उद्भवणाऱ्या सूचनांसाठी आहे.

शीर्षक 'खरेखुरे' म्हणालो, कारण ते अनेकदा खोटे असते. सुबक शैलीपत्रके 'इशारा' हा शब्द मजकुरात न ठेवता रंगकामाच्या वेळी वरून चिकटवतात. पडद्यावर फरक कळत नाही. पण वाचकाने तो भाग निवडून नकलला की शब्द येत नाही, आणि आपल्याकडचा मजकूर नकलूनच हिंडतो. गावच्या व्हॉट्सॲप गटात चौकट जात नाही, रंग जात नाही, पान जात नाही. जातात ती अक्षरे. म्हणून 'धोका' हा शब्द अक्षरांत असलाच पाहिजे. २०२४ पासून व्हॉट्सॲपनेही ओळीआधी > टाकले की डावीकडे रेघ दाखवायला सुरुवात केली आहे. ग्रुबर यांचे पळवलेले अवतरण फिरून गावच्या गटात आले.

रेघ, रंग आणि झेरॉक्स

रूपाबद्दल थोडे, कारण बहुतेक तयार शैली रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. चौकटीचे नाव मोठ्या लिपीत करण्याचा आदेश देवनागरीवर निरर्थक आहे, तो बिचारा काहीच करत नाही. अक्षरांत अंतर वाढवण्याचा आदेश मात्र नुकसान करतो. शिरोरेषा तुटते आणि 'धोका' चा सुटासुटा 'धो का' होतो. अवतरणातून आलेल्या चौकटी अक्षर तिरके करतात. आपल्या बहुतेक फॉन्टांना तिरके रूपच नसते, तेव्हा ब्राउझर उभे अक्षर नुसते ढकलून वाकवतो. ओळींतले अंतरही रोमनच्या मापाचे पुरत नाही. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, आणि अरुंद चौकटीत ते अधिकच दिसते.

रंगाचे आणखी वेगळे. वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात की अर्थ केवळ रंगावर सोडू नये आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण असावे. मला हे नियम दत्त चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाने आधी पटवले. पान छापताना ब्राउझर मागचा रंग सहसा वगळतो. छापील प्रतीची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. फिकट गुलाबी पार्श्वभूमीवरचा इशारा तिथे पोचेपर्यंत कोऱ्या कागदावरचा परिच्छेद झालेला असतो. चारही बाजूंची काळी रेघ तेवढी टिकते. खिळ्यांच्या काळातली पितळी पट्टी शेवटी बरोबरच होती. मिटवून ठेवता येणाऱ्या चौकटींचाही हाच निकाल: त्या मिटलेल्या छापल्या जातात. सविस्तर रासायनिक नावे त्यांत घालावीत, धोका नाही.

किती चौकटी असाव्यात याचे उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही. एका पत्रकात मी अकरा मोजल्या आहेत, त्यांतल्या तीन एकमेकींना चिकटून. ते पत्रक मीच केले होते. संस्थेतल्या प्रत्येक विभागाला आपले वाक्य चौकटीत हवे होते आणि मी कोणालाच नाही म्हणालो नाही. तेव्हापासून गाळणीत आणखी एक अट घातली. एका पानावर 'धोका' ची दुसरी चौकट आली की ती मला थांबवून विचारते.

उरला हिरवा. बऱ्याच तयार शैलींत 'युक्ती' ची चौकट हिरवी असते. गिटहबवरही तीच तऱ्हा. आमच्याही पानावर पंपाची नोझल कशी साफ करावी याची युक्ती हिरव्या चौकटीत होती. गेल्या खरिपात एका कृषी केंद्राच्या काउंटरवर एक गृहस्थ एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात डबा धरून उभे होते. फोनवर आमचे पान, डब्यावर हिरवा त्रिकोण. त्यांनी दोन्ही शेजारी धरले आणि दुकानदाराला विचारले, 'हे दोन्ही एकच नं?'

त्या रात्री मी शैलीपत्रकातली ती ओळ काढली. युक्तीला आता करडी रेघ आहे.